एका जिल्दीतली दोन पुस्तकं

पुस्तकांना चिठ्ठ्या डकवायची खळ आमच्या घरी शिजायची. वाचनालयात चूल नव्हती आणि बाटलीतला डिंक नानांना पसंत नव्हता. तो वाळला की चिठ्ठ्या गळून पडतात असं त्यांचं म्हणणं. म्हणून महिन्यातून दोनदा, आईची शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की त्याच निखाऱ्यावर मी फुटक्या कानाचं पातेलं चढवायची आणि मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी घालून ढवळत बसायची. आई कुरकुर करायची. "लोकाच्या लेकी मैद्याच्या करंज्या करत्यात, आमची पुस्तकाला चारती," असं ती शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. तुरटी घातली की पुस्तकाला कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, लागत नाही हे तिला दहा वेळा सांगूनही पटलं नव्हतं. एका सोमवारी अप्पा दुकानातून उपास सोडायला आले. कपाळावर भस्माचे पट्टे, पोटात सकाळपासून काही नाही, आणि घरात आम्ही दोघीही नाही, महादेवाला गेलो होतो. झाकलेलं पातेलं दिसलं, त्यांनी वाटी भरून घेतली. आम्ही परत आलो तर वाटी अर्धी रिकामी आणि अप्पा भिंतीला टेकून बसलेले. जिभेनं टाळूला चिकटलेलं सोडवत होते. मग म्हणाले, "सुमे, खिरीत गूळ घालायचा राहिला व्हता का?" आई पदर तोंडाला लावून परसात पळाली. पुढं वर्षभर अप्पांना कुणी खीर वाढली नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, सकाळी नांदूरघाटच्या बाजाराला पायी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावर. अप्पांचं दोरखंडाचं आणि बी-बियाणाचं दुकान होतं. घरात सतत सुतळीचा वास, जेवणात सुद्धा. मला वाचनालयाची नोकरी लागली ती अक्षरावर. नाना म्हणजे गावातले निवृत्त मास्तर, दम्याचे, वाचनालयाचे ग्रंथपाल. मी बारावी होऊन घरात बसले होते तेव्हा एक दिवस ते दुकानात आले आणि अप्पांना म्हणाले, "तुमच्या लेकीचं अक्षर द्या मला." अप्पांनी तागडी खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाले, "अक्षर न्या. पण पोरगी दिवेलागणीच्या आत घरी पायजे."

वाचनालय म्हणजे महादेवाच्या देवळामागची एक लांबट खोली. शेजारी पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की कपाटाच्या काचा थरथरायच्या आणि बंद झाली की कानात काही वेळ नुसतं शून्य वाजायचं. पीठ मात्र बारा महिने पुस्तकांवर. माझं काम असं: पुस्तक आलं की त्याला दाखल रजिस्टरात नंबर द्यायचा, कुणाकडून आलं ते लिहायचं, पहिल्या पानावर शिक्का, आणि एकविसाव्या पानावर दुसरा शिक्का, कारण चोर पहिलं पान फाडतो पण एकविसाव्याचं त्याच्या ध्यानात येत नाही. मग कार्ड लिहायचं: लेखक, नाव, विषय, कपाट. ते कार्ड लाकडी खणात अक्षरवारीनं बसवायचं. एवढंच. पण त्या एवढ्यात मला जे सुख होतं ते पुढं संसारातही फार वेळा मिळालं नाही, हे आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही. खण ओढला की साडेतीन हजार कार्डांच्या कडा एका रेषेत. कुणी यावं आणि म्हणावं, "ते निळ्या रंगाचं, ज्यात म्हातारा शेवटी मरतो ते द्या," आणि मी जागेवरून न उठता विचारावं, "नदीत मरतो का खाटेवर?" आणि मग उठून नेमकं तेच काढून द्यावं. गिरणीवर आलेल्या बाया डबा नंबरात ठेवून हे बघायला दारात उभ्या राहायच्या. आपलं कधी चुकत नाही असं मला वाटायला लागलं होतं. माणूस विशीत असला आणि लोक दारात उभं राहून त्याला बघत असले की असं वाटतं.

चुकत नव्हतं असंही नाही. पहिल्याच वर्षी एका पुस्तकाच्या नावात आमराई होती म्हणून मी ते शेतीत घातलं. ते नेलं तात्यांनी. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले शेळ्या पाळणारे म्हातारे. जे हातात येईल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, मधे सोडणं त्यांना पाप वाटायचं. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करताना म्हणाले, "पोरी, आंब्याला मव्हर आल्याचं दोन ठिकाणी हाय. बाकी समदी रडारड. पण पोरगी लई सोशीक निघाली. दुसरा भाग हाय का?" नाना हसता हसता दम लागून खाली बसले. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी मला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. वाचलं नाही तरी चालेल, पण उलटायचं. दुसरी, रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि बाजूला आपली सही करायची. "चूक दिसली पाहिजे, सुमन," ते म्हणाले, "आणि कुणाची ते पण." मी मान हलवली. मनात म्हटलं, हे काय सांगायची गोष्ट आहे.

केशरबाई आणि त्यांची चंद्रकला ह्या आमच्या वाचकांपैकी. गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यांवर जायची, त्यांतलंच त्यांचं एक. केशरबाईंना वाचता येत नव्हतं. सातवीतली चंद्रकला वाचायची आणि त्या ऐकायच्या. पुस्तक बदलायला पोरीबरोबर त्या स्वतः यायच्या, पण आत कधी आल्या नाहीत. बाहेरच्या ओट्यावर उकिडव्या बसायच्या. "या की आत," म्हटलं तर म्हणायच्या, "पायाला माती हाय." पण गोष्टीतलं त्यांना काही खटकलं असलं तर ते ओट्यावरून विचारायच्या. "बाई, त्या राणीनं लेकराला पेटीत घालून नदीत कावून सोडलं ओ? शेजारणीकडं ठेवता आलं आसतं की." मी तारीख टाकून पुस्तक पुढं सरकवायची. चंद्रकला लाजून आईच्या पाठीमागं उभी राहायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाचनालयाची तपासणी यायची होती. तपासणीच्या आधी फाटकी पुस्तकं बांधून घ्यायची पद्धत होती. जिल्दवाले चाचा सायकलवर यायचे, पुस्तकं घेऊन जायचे आणि आठ-दहा दिवसांनी तपकिरी पुठ्ठ्यात बांधून आणायचे. पुठ्ठा वाचावा म्हणून एकाच मापाची दोन पातळ पुस्तकं एकाच जिल्दीत घालायची, हाही आमच्याकडचा रिवाज. कोणती दोन एकत्र घालायची ते मी ठरवायची आणि अप्पांच्या दुकानातल्या सुतळीनं त्यांची जोडी बांधून द्यायची. जे एका सुतळीत, ते एका जिल्दीत, एवढंच चाचांना माहीत. एरवी मी त्या जोड्या कागदावर लिहून ठेवायची, म्हणजे जिल्द आल्यावर पाठीवर दोन्ही नावं घालता यायची. त्या दिवशी चाचा सायकल धरून दारात उभे होते, नाना दम्यानं घरी झोपलेले, आणि मी एकटी साठ-सत्तर पुस्तकांच्या ढिगात बसलेली. तेवढ्यात चंद्रकला आली. दुसऱ्या दिवशी त्यांची टोळी निघणार होती. राजकन्येच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं. "पुठ्ठा निघालाय बाई. आमी न्हाई काढला, आदीच निघालता." मी मान वर न करता हात पुढं केला, पुस्तक घेतलं, माप बघितलं आणि शेळीपालनाच्या एका पातळ पुस्तकाखाली ठेवून सुतळी आवळली. ती उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "नाव खोडता का बाई?" म्हणजे देवघेवीच्या रजिस्टरात तिच्या नावासमोर परत केल्याची तारीख टाकता का. मी म्हटलं, "खोडीन गं. जा तू." ती गेली. चाचा गेले. मी घरी जाऊन हुलग्याचं माडगं प्यायले आणि झोपले.

हे सगळं मला आज लख्ख आठवतं, लुगड्याच्या तुकड्याचा हिरवा काठसुद्धा. तेव्हा आठवलं नाही. खरंच आठवलं नाही की आठवू दिलं नाही, ह्याचा निकाल मला इतक्या वर्षांत लावता आलेला नाही.

चाचांनी जिल्दी आणल्या त्या तपासणीच्या दोन दिवस आधी. जोड्यांचा कागद शोधला तर लिहिलेलाच नव्हता. सगळ्या तपकिरी, सगळ्या सारख्या. मी पहिलं पान उघडायची, नाव बघायची, जिल्दीच्या पाठीवर झोकात लिहायची, पुढची घ्यायची. बहुतेक जोड्या माझ्या ध्यानात होत्या, तिथं दुसरं नावही घातलं. शेवटच्या पानापर्यंत एकही उलटली नाही. नंतर नाना आणि मी पडताळणीला बसलो. ते नंबर वाचायचे, मी कपाटातून "आहे" म्हणायची. राजकन्येच्या गोष्टींचा नंबर आला आणि मी "नाही" म्हटलं. देवघेवीचं रजिस्टर बघितलं तर चंद्रकलेच्या नावासमोर रकाना कोरा.

"पोरीनं आणून दिलं नव्हतं ना?" नानांनी विचारलं.

"दिलं असतं तर लिहिलं नसतं का?" मी म्हटलं.

वाचनालयाच्या दाराशी एक फळा होता. वर सुविचार आणि खाली, मुदत संपूनही पुस्तक न आणलेल्यांची नावं. तो फळा गावात वर्तमानपत्रापेक्षा जास्त वाचला जायचा. गिरणीवर येणारी माणसं डोक्यावर डबा घेऊन थांबायची आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला विचारायचे, "आज कुणाचं लागलंय?" सरपंचांच्या भावाचं नाव मी एकदा लिहिलं होतं, तर तो दिवस मावळायच्या आत पुस्तक घेऊन धावत आला होता. नाना म्हणाले, "केशरबाईचं नको लिहू. गावात नाहीत ते लोक. आले की विचारू." मी ऐकलं नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हटलं. आणखीही एक वाक्य म्हटलं आणि ते लिहिताना आता माझा हात थांबतो आहे, पण लिहिते. मी म्हटलं, "कोयत्यावरची माणसं, नाना. चूल पेटवली असंल त्यानं एखाद्या दिवशी." नानांनी माझ्याकडं बघितलं आणि रजिस्टर मिटलं. मी खडू घेतला आणि माझ्या चांगल्या अक्षरात केशरबाईंचं नाव लिहिलं. देवघेवीत पुस्तक नेणाऱ्या पोरीचं नाव असायचं, पण सभासदत्व तिच्या आईच्या नावानं होतं.

तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी खणातून डोळे झाकून एक कार्ड ओढलं आणि म्हणाले, हे पुस्तक दाखवा. त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं होतं. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की तालिका अत्यंत नीटनेटकी आहे. अप्पांनी तो शेरा माझ्याकडून पाठ करून घेतला आणि दुकानात दावं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकवत सुटले. आईनं त्या दिवशी सणासारखी येसराची आमटी केली, आणि खळीच्या पातेल्यावरून महिनाभर काही बोलली नाही.

फाल्गुनात तात्या शेळीपालनाचं पुस्तक परत करायला आले. टोपी काढून बाकावर बसले, म्हणजे सांगण्यासारखं काही होतं. "पोरी, गाभण शेळीला काय चारावं इथपर्यंत झ्याक हाय. मंग पान उलटलं तर राजकन्या आली. म्या म्हणलं आसंल, राजाच्या शेळ्या आसतील. वाचत गेलो. लगीन झालं, राक्षस मेला, समदं झालं. शेवटापर्यंत शेळी काई आली न्हाई." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसत त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, ते राजकन्येचं पान उघडलं आणि आमचाच शिक्का दिसला. पुढं एकविसाव्या पानावर दुसरा. माझं हसू तिथंच थांबलं. तात्या म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "चाचांनी घोटाळा केला तात्या. दोन पुस्तकं एकत्र बांधली." निदान तिथं तरी मी खरं बोलायला हवं होतं. चाचांनी माझी सुतळी होती तसंच बांधलं होतं.

तात्या गेल्यावर मी ब्लेडनं शिवण कापली. शेळ्या वेगळ्या, राजकन्या वेगळी. शेळ्या कपाटात ठेवल्या. राजकन्या खारीज, म्हणजे यादीतून काढून टाकलेल्या, पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, कसरीनं खाल्लेल्या गठ्ठ्याच्या मागं ठेवली. मग ओल्या फडक्यानं फळा पुसला. चार महिने ते नाव तिथं होतं. खडू इतका बसला होता की पुसल्यावरही उन्हात तिरपं बघितलं तर वाचता यायचं. नानांनी विचारलं, "केशरबाईचं नाव?" म्हटलं, "फळा धुतला." ते "बरं" म्हणाले. मी मनाशी ठरवलं होतं की केशरबाई आल्या की त्यांना एकटीला गाठून हळूच सांगायचं. नानांना सांगायचं नाही, अप्पांना तर नाहीच, शेऱ्याची वही आपली तशीच राहील. इतकं सोपं वाटलं होतं मला ते.

पाडवा झाला आणि टोळ्या परतल्या. एक दिवस दुपारी केशरबाई आल्या, एकट्याच. हापशावर पाय धुतले आणि जन्मात पहिल्यांदा वाचनालयाच्या आत आल्या. ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उठत होते आणि त्या मागं वळून ते बघत होत्या. नाना टेबलाशी होते, दोन-चार वाचक पेपर वाचत बसले होते. केशरबाईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं.

"तुमचं न्हाई गावलं बाई," त्या म्हणाल्या. "मुकादम गावाकडनं आला तवा त्यानं सांगितलं, फळ्यावर नाव लागलंय म्हणून. समद्या टोळीपुढं सांगितलं. पाचटाची कोपी उसकटली, पेटी उसकटली, बैलाच्या गोण्यासुदिक झाडल्या. पोरगी म्हणती, म्या बाईच्या हातात दिलं. देवाची आण घेती. म्या म्हणलं, बाईनं लिवलेलं खोटं आसंल का? हाणली म्या तिला. पुस्तकासाठी न्हाई हाणली. लबाड बोलली म्हणून हाणली." मग त्यांनी पुस्तकावरचा कागद सरळ केला. "हे बगा, त्याच मापाचं हाय. राजकन्येचंच हाय. कारखान्याच्या बाजारात लई हुडकलं."

मी पुस्तकाकडं बघितलं. कव्हरवर बाशिंग बांधलेली नवरी होती. ते उखाण्यांचं पुस्तक होतं. मुंडावळ्या, नथ, डोक्याला बाशिंग. वाचता न येणाऱ्या माणसाला ती राजकन्या वाटली ह्यात केशरबाईंचं काय चुकलं.

"सुमन," नाना म्हणाले, "देवघेवीचं रजिस्टर एकदा काढ बरं."

खारीज पुस्तकांचं कपाट माझ्या डाव्या हाताला होतं. नुसता हात लांबवला असता तरी पुरलं असतं. मी रजिस्टर काढलं, ते पान काढलं आणि म्हटलं, "नोंद नाही, नाना." खोटं नव्हतं ते. नोंद नव्हतीच. पेपर वाचणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "पण बाईची इमानदारी बघा." नाना माझ्याकडं बघत राहिले. गिरणी बंद होती त्या वेळी, लाइट गेली होती, आणि त्यांच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती.

केशरबाईंनी विचारलं, "आता तर नाव न्हाई ना राह्यलं?"

"नाही," मी म्हटलं. आणि त्या दारापर्यंत गेल्यावर म्हटलं, "चंद्रकलेला पाठवा की. नवीन पुस्तकं आलीत."

"न्हाई येत आता ती. पुस्तकाचं नाव काडलं की उठून जाती," त्या म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन ओटा उतरल्या.

उखाण्यांच्या त्या पुस्तकाचं कार्ड मी त्याच दिवशी लिहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून लिहिलं. दाखल रजिस्टरात 'कोणाकडून' ह्या रकान्यात 'केशरबाई' लिहिलं आणि पुढं 'देणगी'. नानांनी चष्म्यावरून वाचलं. "देणगी?" एवढंच म्हणाले. मी फटकन म्हटलं, "मग काय लिहू?" ते म्हणाले, "तुला खरं काय आहे ते माहीत असलं तर ते लिही." मी देणगी तसंच ठेवलं. नानांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांना सगळं कळलं होतं का, की नुसता संशय होता, हे विचारायचा धीर मला त्यांच्या आजारपणातही झाला नाही. दोन वर्षांनी ते गेले आणि त्यांच्या जागी मी ग्रंथपाल झाले.

आमच्या वाचनालयातलं सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी उगीच मोठमोठी नावं सांगायची. खरं उत्तर ते उखाण्यांचं पुस्तक. लग्नसराई आली की बायांची रांग लागायची. आई स्वतः तीनदा घेऊन गेली, माझ्या लग्नातसुद्धा त्यातलाच उखाणा मला घ्यायला लावला. माझं सासर गावातच, त्यामुळं नोकरी सुटली नाही आणि ते पुस्तकही सुटलं नाही. दर वेळी तारीख टाकताना रजिस्टरातली ती ओळ डोळ्यांसमोर यायची. चंद्रकलेचं लग्न पाटोद्याला ठरलं तेव्हा तिच्या चुलतीनं तेच पुस्तक नेलं. मी तारीख टाकली, दिलं आणि म्हटलं, "वेळेवर आणा." काय जीभ असते माणसाला. केशरबाई वाटेत भेटल्या की पदर सावरून थांबायच्या, "बरं हाय का बाई?" म्हणायच्या. मी म्हणायची, बरं आहे. वीस-पंचवीस वर्षं आम्ही एकमेकींना बरं आहे म्हणत होतो. मग त्या लेकीकडं राहायला गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

आता मी निवृत्त आहे. वाचनालय ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत गेलं, कार्डांचे खण भंगारात गेले आणि माझ्या जागेवर आलेली मुलगी सगळी दाखल रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवते आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. "काकू, एक नोंद अडलीय. देणगीदाराचं नुसतं 'केशरबाई' लिहिलंय. पूर्ण नाव टाकल्याशिवाय पुढं जात नाही हे." मी म्हटलं, बघते. एवढ्या वर्षांत कुणी अडवलं नव्हतं, ते त्या यंत्रानं अडवलं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले, रजिस्टर मागून घेतलं, 'देणगी' ह्या शब्दावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं: 'मूळ पुस्तक परत आले होते. नोंद केली नाही.' बाजूला सही केली. ती मुलगी म्हणाली, "हे कुठल्या रकान्यात टाकू, काकू?" मी म्हटलं, "ते तुझं तू बघ." मग खारीजच्या गठ्ठ्यांत हुडकून ते राजकन्येचं पुस्तक काढलं. आश्चर्य म्हणजे त्याला कसर लागली नव्हती. पूर्ण नाव आणायचं निमित्त होतंच. एसटीनं पाटोद्याला गेले.

चंद्रकलेचं बाजारात पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. केस पांढरे झालेले, चष्मा लावून मशीनवर बसलेली. मला तिनं लगेच ओळखलं, उठली, सुनेला चहा सांगितला. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यांतलं एकही कामाला आलं नाही. चाचा, सुतळी, तात्या, कपाट, सगळं जसं तोंडाला येईल तसं सांगितलं. सांगताना मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. ती ऐकत होती. मग तिनं पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली.

"हेच व्हतं," ती म्हणाली. "पुठ्ठा निघालेलं."

मी म्हटलं, "आई कुठं आहेत? त्यांना सांगायचंय मला."

"दोन वर्सं झाली आईला जाऊन." चहा आला. तिनं माझ्यासमोर बशी सरकवली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"मला सांगून काय उपेग बाई? म्या दिलतं हे मला ठावंच व्हतं," ती म्हणाली. रागावून नाही, साधंच म्हणाली. "आई लई कौतिक करायची माजं. माज्या लेकरांला मांडीवर घेऊन सांगायची, तुमची माय लई गुणाची, जन्मात एकदाच लबाड बोलली. आन हसायची. शेवटच्या दुखण्यात बी हेच सांगत व्हती."

मी केशरबाईंचं पूर्ण नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं.